सहलपत्रिकेत भरती-ओहोटीला जागा द्या: अंदमानच्या सहली काढणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून अंदमानच्या सहली काढणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे संचालक, सहल-आखणी विभाग आणि सहल व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात गेले. गेल्या फेब्रुवारीत मी, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान असे तिघे आपल्यासारख्याच एका संस्थेबरोबर सहा दिवसांची अंदमान सहल करून आलो. त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण परत आल्यावर ओळखीच्यांकडून मागवून घेतलेल्या आणखी चार-पाच संस्थांच्या सहलपत्रिका मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा माझी तक्रार त्या सगळ्यांनाच सारखी लागू पडते असे दिसले. न्याहारीला काय मिळेल, बस वातानुकूलित असेल का, खोली किती जणांत असेल, हे सारे त्या पत्रिकांत तपशिलाने दिलेले आहे. मात्र ज्या समुद्रासाठी माणसे वर्षभराची बचत मोडून तेथवर जातात, त्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, याचा उल्लेख एकाही पत्रिकेत नाही. अंदमानातील किनाऱ्यांचा कार्यक्रम जेवणाच्या आणि बसच्या वेळांवरून न आखता पाण्याच्या वेळांवरून आखावा, ही विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या सहलीत काय झाले ते आधी सांगते. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, आम्ही सकाळी दहाच्या सुमारास उतरलो आणि दुपारी चारच्या बोटीने परतणार होतो. उतरल्याबरोबर जेट्टीलगतच्या भरतपूर किनाऱ्यावर समुद्रस्नान आणि काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळदर्शन, मग जेवण, आणि शेवटी लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल, असा पत्रिकेतला क्रम होता. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी जवळजवळ पुरी झालेली होती. भरतपूरचा समुद्र मुळातच उथळ. पाणी दूरवर हटलेले, होड्या वाळूत टेकलेल्या, आणि मधल्या पट्ट्यात प्रवाळाचे तुकडे व समुद्रगवत उघडे पडलेले. हौस असलेली मंडळी घोटाभर पाण्यात बसून आली. जेवण उरकून आम्ही लक्ष्मणपूरला गेलो तेव्हा पाणी चढू लागले होते. तेथला पूल म्हणजे लाटांनी झिजवून कोरलेली दगडी कमान; बेटावर वसलेले बंगाली लोक तिला पूर्वीपासून हावडा पूल म्हणतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकाळ पट्ट्यावरूनच तिच्यापर्यंत चालत जाता येते. अर्ध्या वाटेवर आमच्या व्यवस्थापकांनी पाणी वाढत असल्याचे सांगून घाई करायला लावली, आणि ३४ जणांचा आमचा गट, ज्यात निम्मे लोक साठीच्या पुढचे होते, शेवाळलेल्या खडकांवरून भराभर निघाला. बहिणीचे यजमान घसरले, मनगट मुरगळले, तळहात प्रवाळाच्या कडांनी सोलवटून निघाला. कमान न पाहताच आम्ही तिघे मागे फिरलो.

जेट्टीवर बोटीची वाट पाहत असताना मी एका होडीवाल्याशी बोलले. ओहोटी साडेदहाला पुरी झाली, म्हणजे भरतपूरला अडीच-तीननंतर चांगले पाणी असते आणि लक्ष्मणपूरला सकाळीच जायला हवे होते, असे त्याने मला हिंदीत एका वाक्यात सांगितले. आमच्यासमोरच भरतपूरच्या किनाऱ्यावर पाणी भरत आले होते आणि वाळूत टेकलेल्या होड्या तरंगू लागल्या होत्या. दोन ठिकाणांचा क्रम उलटा केला असता तर त्याच दिवशी, त्याच बसने, त्याच खर्चात चौतीसच्या चौतीस जणांना दोन्ही गोष्टी धड पाहता आल्या असत्या. होडीवाल्याला हे ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

हा प्रकार एखाद्या दिवसाचा योगायोग नाही, तो आपल्या आखणीतच बसलेला आहे, हे मला येथे नीट मांडायचे आहे. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो, आणि सहा तास म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी. आपल्यापैकी बहुतेकांच्या सहली दर आठवड्याला ठरलेल्या वारी निघतात आणि सर्वांचा कार्यक्रम तासागणिक सारखाच असतो. याचा अर्थ असा की ज्या गटाला भरतपूरला सकाळी अकराला तुडुंब निळे पाणी मिळाले, त्याच्या पुढच्या आठवड्याच्या गटाला त्याच जागी अकराला उघडा खडक मिळणार, आणि त्याच्या पुढच्या आठवड्याच्या गटाला पुन्हा पाणी. सहल संपताना आपण जे अभिप्रायपत्र भरून घेता, त्यांत एकाच किनाऱ्याविषयी एक गट भरभरून लिहितो आणि दुसरा निराश होतो, हे आपल्या पाहण्यात आले असेलच. त्याचे खापर हवामानावर किंवा लोकांच्या लहरीवर फोडले जाते. जुनी अभिप्रायपत्रे काढून त्यांच्या तारखांपुढे तिथ्या मांडून पाहाव्यात, अशी माझी मनापासून सूचना आहे.

कोकणात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. आमच्या गावात घड्याळे मोजकीच होती, पण तिथी सर्वांच्या तोंडी असे, आणि तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होणार ते निघते, हा हिशोब शाळेत न गेलेल्या बायकांनाही येत असे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही मंद. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की माझी आजी कोयती आणि टोपली घेऊन खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यात, कालवे काढायला जायची, आणि पाणी फिरल्याची चाहूल लागताच, टोपली अर्धी असली तरी, परत निघायची. ही पाऊणपट आपल्या किनाऱ्याची आहे, ती अंदमानाला जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. पण रोजचा ५० मिनिटांचा उशीर आणि पंधरवड्याचे उधाण-भांगाचे चक्र तेथेही तेच आहे. शिवाय तिकडची भरती आपल्या मुंबईसारखी चार-पाच मीटरांची नसते, उधाणातही ती दोन मीटरांच्या आसपास राहते. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची चूक सहज होते. किनाऱ्याचा उतार सौम्य असला आणि पुढे प्रवाळाचा सपाट पट्टा असला, तर दोन मीटर पाणी उतरल्यावर समुद्र कित्येकशे पावले मागे जातो. स्वराज द्वीपाच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, पूर्व किनाऱ्यावर विजयनगर आणि गोविंदनगर येथे आम्ही ते रोज पाहिले.

आता प्रवाळाविषयी. वेळ चुकल्याने प्रवाशाची निराशा होते, ती एकवेळ भरून निघेल; प्रवाळाचे नुकसान मात्र भरून यायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. अतिशय लहान जीवांच्या वसाहती चुन्याचे सांगाडे रचत जातात आणि त्यांच्या देहात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. म्हणूनच प्रवाळ उथळ, स्वच्छ, उजेडाच्या पाण्यात वाढते. गोलाकार, भरीव जातींची वाढ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर होते. लक्ष्मणपूरच्या वाटेवर जी गोल वसाहत मी एका डबक्यात पाहिली ती माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेल न मावेल अशी होती, म्हणजे तिचे वय काही दशकांचे असावे. तिच्या माथ्यावर बुटाने खरवडल्याचा ताजा पांढरा ओरखडा होता. ओहोटीत पट्टा उघडा पडतो तेव्हा डबक्याडबक्यांत जिवंत प्रवाळ असते आणि आधीच उन्हाने व तापलेल्या पाण्याने त्याची कसोटी लागलेली असते. अशा वेळी वाट न आखता, कोठे पाय द्यायचा हे न सांगता, शेकडो माणसांना त्यावरून रोज चालवणे हे त्या बेटावर अन्याय करणारे आहे.

प्रवाळ आणि पाण्याची पातळी यांचे नाते किती नाजूक आहे, हे अंदमानाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर दाखवले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात या द्वीपसमूहाची जमीन वाकली. दक्षिण अंदमान खचले आणि तेथल्या सखल भातजमिनींत समुद्र शिरून राहिला. उत्तर अंदमानाच्या पश्चिमेकडचा भाग मीटर-दीड मीटर वर उचलला गेला, आणि तेथली प्रवाळाची विस्तीर्ण पठारे कायमची पाण्याबाहेर येऊन मरून गेली. जे उरले त्याला १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत समुद्र तापल्याने विरंजनाला तोंड द्यावे लागले. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या देहातील शैवाले बाहेर टाकते, पांढरे पडते, आणि उष्णता लवकर ओसरली नाही तर उपासमारीने मरते. भूकंप आपल्या हाती नाही, तापणारा समुद्रही एखाद्या सहल कंपनीच्या हाती नाही. पण उघड्या पट्ट्यावर ३४ माणसे कोणत्या वाटेने चालतील हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

लक्ष्मणपूरच्या त्याच वाटेवर आमच्याबरोबरच्या एका स्थानिक वाटाड्याने डबक्यातून समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक मऊ समुद्री जीव, उचलली आणि ती हातोहात सगळ्या गटातून फिरली. मुलांनी तिच्यासह छायाचित्रे काढली. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, वाटाड्याच्या तर नव्हताच. पाहुण्यांना काहीतरी दाखवावे एवढीच त्याची इच्छा होती. परंतु समुद्रकाकड्या, प्रवाळ, मोठ्या शिंपांच्या आणि शंखांच्या कितीतरी जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या संरक्षित सूचीत आहेत, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मेलेल्या प्रवाळाचा किनाऱ्यावर पडलेला तुकडाही याला अपवाद नाही. परतीच्या दिवशी विमानतळावर आमच्याच गटातील एका आजींच्या पिशवीतून नातवासाठी वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे काढून घेण्यात आले. त्या किती वेळ कानकोंड्या होऊन बसल्या होत्या, ते मी पाहिले. चार दिवस त्या वेचत होत्या आणि चारही दिवस आमचे व्यवस्थापक त्यांच्या बाजूला होते. पहिल्याच संध्याकाळी, शक्यतो शुद्ध सोप्या मराठीत, पाच मिनिटे बोलून हे सांगितले असते तर त्या माउलीने एक शिंपलाही उचलला नसता.

राधानगरच्या किनाऱ्याविषयीची माझी तक्रार पाण्याची नसून उजेडाची आहे. हा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तळाला वाळू आहे, आणि भरती असो वा ओहोटी, तेथे पाण्यात उतरण्याजोगी जागा बहुधा मिळते. २०२० मध्ये देशातील ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले त्यांत तो आहे. पाठीशी उंच वृक्षांचे रान, समोर पांढरी पुळण, आणि मधे कोठेही दुकानाची पाटी नाही. माझ्या आयुष्यात मी एवढा देखणा किनारा पाहिलेला नाही, आणि हे मी कोकणची असून लिहीत आहे. तेथे आम्हाला मिळालेला वेळ पाऊण तास. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांश आहे, म्हणजे घड्याळ तेच असले तरी सूर्य तेथे सुमारे ८० मिनिटे आधी मावळतीकडे झुकतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास आणि फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. आमच्या पत्रिकेत 'संध्याकाळी राधानगर' असे लिहिले होते आणि संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची साडेचार-पाच असे गृहीत धरले होते. दुपारी एकला स्वराज द्वीपावर उतरून, खोल्या, जेवण, चहा असे करत आम्ही पावणेपाचला किनाऱ्यावर पाय ठेवला. पाच वाजून गेल्यावर जीवरक्षकांनी सर्वांना पाण्याबाहेर बोलावले, आणि ते योग्यच होते. त्याच बेटाच्या पूर्वेकडे काळापत्थरचा किनारा आहे, तेथे पहाटे जायला हवे; साडेपाच-सहालाच उजाडते. तेथे आम्हाला न्याहारीनंतर, साडेनऊच्या उन्हात नेले. सहलीच्या आखणीत मुंबई-पुण्याची संध्याकाळ आणि मुंबई-पुण्याची सकाळ तिकडे नेऊन लावली आहे, हे यामागचे कारण. तिकडे दिवसच दीड तास अलीकडे सरकवून चालावे लागते: सकाळी पाचला चहा, साडेअकराला जेवण, तीनला किनाऱ्यावर. आपले प्रवासी याला तक्रार न करता तयार होतील. काशी-रामेश्वरला जाताना पहाटे चारला उठणारी ही माणसे आहेत.

पाण्याच्या वेळेचा संबंध जिवाशी आहे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. देशावरून कोकणात आलेल्या तरुणांच्या बुडण्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, आणि समुद्राच्या ओढीची सवय नसणे हे कारण त्यांत वारंवार येते. अंदमानात नेल्या जाणाऱ्या आपल्या प्रवाशांत मोठा भाग याच लोकांचा असतो: नगर, सोलापूर, जळगाव, नागपूर येथून आलेले, प्रथमच समुद्र पाहणारे, आणि उत्साहात असलेले. त्यांत तिकडे खाऱ्या पाण्यातील मगरीही आहेत. २०१० मध्ये स्वराज द्वीपावर राधानगरजवळ एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि वंडूरसारख्या किनाऱ्यावर पोहण्यासाठी जाळीने वेढलेली जागा राखावी लागली आहे. कांदळवनाच्या आणि ओढ्याच्या मुखाशी उतरू नये, अंधार पडू लागल्यावर पाण्यात राहू नये, जाळीबाहेर जाऊ नये, ही वाक्ये आमच्या सहलीत कोणी उच्चारली नाहीत. लोक घाबरतील आणि सहलीचा विरस होईल, अशी भीती त्यामागे असावी. माझा शाळेतला अनुभव असा आहे की कारण समजावून दिलेली सूचना माणसे आनंदाने पाळतात.

मे महिन्याच्या सहलींविषयी थोडे लिहायलाच हवे. मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी महाराष्ट्रातला शेतकरी कान लावून ऐकतो. ती बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. त्याच आठवड्यात, शाळांना सुट्टी असते म्हणून, आपल्या अनेक सहली त्याच अंदमानात किनारे पाहायला निघालेल्या असतात. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात आणि काही गटांचे दोन-दोन दिवस श्री विजयपुरमच्या, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या पोर्ट ब्लेअरच्या, हॉटेलात जातात. नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी संस्थेवर नाही, असे कलम पत्रिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत असते. दर वर्षी ठरलेल्या काळात येणाऱ्या पावसाला आपत्ती म्हणणे मला पटत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर निघणाऱ्या सहलीच्या पत्रिकेत ही शक्यता पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत लिहावी.

वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाकडे मात्र मी आपणा सर्वांचे लक्ष वेधू इच्छिते, कारण शिस्त लावली तर काय होऊ शकते ते तेथे दिसते. १९८३ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान १५ बेटांचे आहे. त्यांतील जॉली बॉय बेट वर्षातले काही महिनेच खुले असते आणि ते बंद असताना पर्यटकांना रेडस्किन बेटावर नेतात, जेणेकरून दोन्हींना आळीपाळीने विसावा मिळतो. होडीत बसण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या काढून घेतात आणि अनामत रकमेवर पाण्याच्या वेगळ्या बाटल्या देतात. बाटली परत आणली की पैसे परत. आमच्या गटातील एकानेही याला कुरकूर केली नाही. बेटावर आम्हाला एक कागदाचा कपटाही दिसला नाही, आणि परतताना होडीत सगळे त्याविषयीच कौतुकाने बोलत होते. जे प्रवासी एवढी शिस्त सहज पाळतात, त्यांना भरतीची वेळ समजावून सांगणे अवघड कसे असेल?

आपले लोक अंदमानात प्रथम जातात ते सेल्युलर जेलसाठी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ या काळात जेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, त्या कोठडीपुढे आमचा सारा गट किती तरी वेळ निःशब्द उभा होता, आणि तेथे आपल्या व्यवस्थापकांनी दिलेली माहिती इतकी नेमकी आणि जिव्हाळ्याची होती की मी स्वतः त्यांचे आभार मानले. एका कोठडीसमोर उभे राहून माणसाला काय सांगायचे, याचा एवढा विचार करणारी माणसे दुसऱ्या दिवशी समुद्रासमोर केवळ 'चाळीस मिनिटे वेळ आहे, बस इथेच थांबेल' एवढेच सांगतात, याचे मला वाईट वाटले. त्यांना स्वतःलाही कोणी त्याहून अधिक सांगितलेले नव्हते. आपल्या प्रशिक्षणात इतिहासाचा भाग आहे, समुद्राचा नाही.

बोटींची तिकिटे महिनोन्महिने आधी काढावी लागतात, त्यामुळे वेळा बदलता येत नाहीत, असे उत्तर मला आमच्या संस्थेच्या कार्यालयातून तोंडी मिळाले. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते माझ्या म्हणण्याला पूरक आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग पुढील वर्षाची भरती-ओहोटीची सारणी आधीच प्रसिद्ध करतो आणि तीत पोर्ट ब्लेअर बंदर आहे. म्हणजे तिकीट काढताना पुढच्या जानेवारीच्या अमुक तारखेला पाणी केव्हा उतरेल, हे मिनिटांसह माहीत असू शकते. हवामानाचा अंदाज चुकेल. भरतीच्या वेळेत वाऱ्या-पावसाने थोडाफार फरक पडला तरी सहलीच्या आखणीला ती पुरेशी खात्रीची आहे. बोट बदलता येत नसेल तेथे बेटावरचा क्रम बदलता येतो, जसा आमचा बदलता आला असता. आणि ज्या दिवशी सहा तासांच्या मुक्कामात ओहोटी आणि भरती दोन्ही बसत नाहीत, त्या तारखांसाठी शहीद द्वीपावर एक रात्र राहण्याचा पर्याय ठेवावा. रात्र काढली की एक ओहोटी आणि एक भरती दिवसाउजेडी मिळतेच. तेवढ्यासाठी श्री विजयपुरममधील खरेदीचा अर्धा दिवस कमी झाला तरी चालेल. ज्यांच्या भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशा रामायणातल्या नावांच्या वाड्यांत आपण पाहुणे म्हणून जातो, त्या बेटकरांच्या पदरीही त्या एका रात्रीने दोन पैसे जास्त पडतील. दिवसाच्या सहलीचा प्रवासी त्यांच्यासाठी पाणी वापरून आणि कचरा टाकून चारच्या बोटीने निघून जातो.

पुढील हंगामाच्या पत्रिका आपण पावसाळ्यात छापता, हे मला माहीत आहे. त्यात प्रत्येक सहलीच्या तारखेपुढे शहीद आणि स्वराज द्वीपांवरील दिवसांच्या भरती-ओहोटीच्या आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापल्या जाव्यात, अशी माझी मागणी आहे. हे काम वाढीव वाटत असेल, तर ते मी करून देईन. ऑक्टोबर ते मे या काळातील आपल्या सहलींच्या तारखा मला पाठवा. अधिकृत सारणीवरून प्रत्येक तारखेचा तक्ता, कोणता किनारा कोणत्या वेळी पाहावा याच्या टिपणासह, मी मराठीत तयार करून देईन, आणि आपल्या व्यवस्थापकांसाठी एक दिवसाचा वर्गही रत्नागिरीत, खडपावर प्रत्यक्ष ओहोटीच्या वेळी, घेईन. त्याचे मानधन मला नको. वर्गासाठी दिवस मात्र अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा ठरवावा लागेल, कारण खडप पुरेसे उघडे पडते ते तेव्हाच.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, रत्नागिरी